सटवाजीचं घराणं

डबा रिकामा आला गं. हसू नका, आधी ऐका. रिकामा म्हणजे घासलेला, पुसलेला, झाकण घट्ट लावलेला आणि आत काहीच नाही. चिमूटभर साखर नाही, चार शेंगदाणे नाहीत. तात्याराव शिपायानं तो होम सायन्सच्या लॅबच्या ओट्यावर ठेवला, "खंदारे मॅडमनी दिलाय," म्हणाला आणि चपला घासत निघून गेला. मी झाकण काढलं तर आत माझंच तोंड दिसलं, वाकडंतिकडं. रुख्मे, तुमच्या घरी देतं का कुणी डबा असा परत? आमच्या वालूरला तर भांडणं झालेल्या जावासुद्धा वाटीत गुळाचा खडा टाकून वाटी परत करतात. आईनं त्यात धपाटे आणि जवसाची चटणी पाठवली होती, खंदारे ताईच्या घरी, म्हणजे प्रसेनच्या घरी, म्हणजे तुमी हॉस्टेलातल्या पोरी ज्याच्या नावानं मला महिनाभर चिडवायलात त्याच्या घरी. आणि मी तिथंच उभी, हातात डबा, पलीकडं कुकरच्या शिट्ट्या व्हायल्यात, पोरी सोयाबीनचे लाडू वळायल्यात, आणि माझ्या मनात एकच, की ताई विसरल्या असतील. ताईंना लय कामं असतात. ताई विसरल्या.

पण ताई विसरत नाहीत ना गं. तीच तर गंमत आहे. ताईंना गावातल्या प्रत्येक म्हातारीच्या कोणत्या गुडघ्यात कळ येते ते पाठ असतं. मी डबा पिशवीत टाकला आणि कॉलेजच्या फाटकाबाहेर येऊन ऑटोत बसले, कुठं जायचं ते न सांगताच, तर ऑटोवाला म्हणे, "बाजी, स्टेशन का बाजार?" मी म्हटलं बाजार. स्टेशन रोडला सगळं होतं तसंच होतं, केळीचे गाडे, सायकलीवर बर्फाची लादी, कुणाच्या तरी दुकानात कव्वाली, आणि मी बघायले पण दिसायलंय दुसरंच. मला दिसायली ती जीप. पहिल्यांदा ताईंसोबत वालूरला गेले ती. माझं एमेस्सीचं पहिलं वर्ष, आणि ताईंनी अख्ख्या वर्गातून मला निवडलं, कारण म्हणे मी बोलकी, म्हातारी माणसं माझ्याशी बोलतात. मला इतका आनंद झाला होता की जीपमध्ये मी झरीपासून बोरीपर्यंत बोलतच होते आणि ताई हसायल्या होत्या, खिडकीतून हात बाहेर टाकून. जीपमध्येच त्यांनी मला सांगितलं होतं, कामं दोन आहेत. एक, म्हाताऱ्यांचा आहारवर्ग. दुसरं, ऑटिझम नावाची एक गोष्ट असते, माणूस आपल्याआपल्यातच राहतो, डोळ्याला डोळा देत नाही, सगळं रोज तसंच्या तसं लागतं त्याला, ती गोष्ट घराण्यात उतरते का ते बघायचं. आणि तीन पिढ्यांचं कुणाला आठवतं? म्हाताऱ्यांनाच. म्हणून दोन्ही कामं एकाच जीपमध्ये.

वर्ग आमच्या शाळेच्या वऱ्हांड्यात. आमचे बाबा तिथंच मास्तर, त्यांनी सतरंज्या टाकून ठेवलेल्या, कडेला कड लावून, एक इंच इकडंतिकडं नाही. ताईंनी फळ्याला कापड लावलं आणि त्याच्यावर चित्रं चिकटवली, दुधाचा पेला, भाजीची जुडी, अंडं. तर किशनराव म्हातारे मागून म्हणतात, "बाई, अंडं तर लय ग्वाड दिसायलंय. पर ते फळ्यावरून कवा निघायचं?" ताई म्हणाल्या, "मामा, ते तुमच्या कोंबडीला इचारा, ती तुमच्यावर रुसलीया म्हनं." अख्खा वऱ्हांडा हसला. बघा, ताई गावात गेल्या की 'इचारा' म्हणायच्या, 'म्हनं' म्हणायच्या, आमच्यातल्याच व्हायच्या. दात नसतील तर ज्वारीच्या कण्या मऊ शिजवा, वर ताक घाला, हुलग्याचं माडगं प्या, एकाच वेळी पोटभर खाण्यापेक्षा चार वेळा थोडं खा. आमची आजी धुरपताबाई पुढंच बसलेली, ती म्हणे, "चारदा खायाला चारदा रांधंल कोण? तू येती का?" ताई म्हणाल्या, "तुमची नात देते की." आणि माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. आता तुमीच सांगा. असं कुणी डोळे मिचकावले तर माणूस काय समजंल?

कारण तोवर ताईंनी जीपमध्ये ते बोलून टाकलं होतं. आमच्या प्रसेनला तुझ्यासारखी पाहिजे, घुम्या आहे नुसता. प्रसेन म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, कॅनॉलच्या ऑफिसात इंजिनियर. मी दोनदा भेटले त्याला, ताईंच्याच घरी, आणि दोन्ही वेळा तो कॅनॉलचं पाणी शेवटच्या गावाला पोचत कामून नाही हेच सांगत बसला, आणि मला ते ऐकायला लय आवडलं, खरं सांगते, त्याच्या हाताच्या शिरा वर आलेल्या, बोलताना तो टेबलावर बोटानं पाट काढायचा. ताई आमच्या घरी येऊन बाबांना म्हणाल्या, "मास्तर, विचार करा." तेवढंच. पण आमच्या घरात तेवढ्यानं काय झालं माहितीय का, आईनं धपाट्याचं पीठ दळून आणलं आणि आजीनं ट्रंकेतलं नवं लुगडं काढलं.

बाजारात उतरले. उतरून काय करायचं ते माहीत नव्हतं म्हणून बांगड्यांच्या दुकानासमोर उभी राहिले, आणि मग मला ते आठवलं. असं हळूहळू नाही गं आठवलं, कुणीतरी पाठीत धपका घालावा तसं. ती दुपार. ताई वर्ग संपवून आमच्या घरी आल्या, पिढ्यांची चौकशी करायला. मी बाजूला बसलेली. ताई विचारायल्या, "आजी, तुमच्या घरात असं कुणी होतं का, कमी बोलणारं, एकटं एकटं राहणारं, आपल्याच नादात?" आणि आजी नव्या लुगड्यात ताठ बसली आणि सुरू झाली. "व्हतं की! माझा सासरा, सटवाजी! असा मानूस झाला न्हाई वालूरात. जन्मात कुनाला जोहार घातला न्हाई. निजामाच्या वख्ताला तसिलदार आला घोड्यावर, समदं गाव वाकलं, सटवाजीनं मान वर केली न्हाई. कुनाच्या डोळ्याला डोळा दिला न्हाई. पाटलानं हाक मारली तरी ओ देत नव्हता. फटके खाल्ले, पर बोल न्हाई. अन् ऐकून सांगायचा, वाटंनं कुनाचं बैल चाललं ते, नुसत्या घुंगरावरनं." ताई म्हणायल्या, "हं. आणि खाणंपिणं?" "एकीच्याच हातची भाकर खायाचा. मोडकी भाकर पानात आली तर उठून जायाचा. राजा व्हता राजा!" मग आजी म्हणे, माझ्या पोटाला सासराच आला परत, हा सिताराम. सिताराम म्हणजे माझे काका. ते कोपऱ्यात बसलेले, भिंतीला पाठ घासत, जसे रोज बसतात. काका बोलत नाहीत. म्हणजे शब्द आहेत त्यांच्याकडं, यष्टीच्या, रेल्वेच्या गावांची नावं घेतात ओळीनं, पण आपल्याशी म्हणून बोलत नाहीत, आणि माझ्याशिवाय कुणाला अंगाला हात लावू देत नाहीत.

आणि आजी थांबेच ना. थोरला पन तसाच, आमचा माणिक, मास्तर झाला म्हनून काय झालं, शर्ट एकाच रंगाचा लागतो, खडू लहान-मोठे लावून ठेवतो. अन् ही कुशी! तीन वर्सं मुकी व्हती! रुख्मे, मर तू हसून, हो, मी! मी तीन वर्षं बोलले नाही म्हणे, ही कुशावर्ता, जिला तुमी बटन बंद कर म्हणता. मीसुद्धा हसले होते तेव्हा. ताई नाही हसल्या. ताईंनी माझ्याकडं बघितलं, लय वेळ बघितलं, आणि मला वाटलं किती मायेनं बघायल्यात.

बांगड्यावाला विचारायला, "बेटी, नाप क्या है?" मी हात पुढं केला आणि बघतच राहिले त्या हाताकडं. कारण तेव्हा मला कळलं आजीनं काय केलं ते. अगं, आजीला वाटलं सोयरीक करायला आलेत! मुलाकडचे लोक आलेत, बहीण आलीय, घराणं विचारायलीय. आणि घराणं विचारल्यावर आमच्याकडं कुणी कमी सांगतं का? एक बैल असला तर दोन सांगतात. एक सटवाजी होता तर आजीनं चार केले. तिच्याकडं मिरवायला दुसरं होतं काय? ना जमीन, ना दागिने. एक माणूस होता, ज्यानं कुणाला जोहार घातला नाही. तो तिनं काढून ताईंच्या पुढ्यात ठेवला, आणि मुलगा, दुसरा मुलगा, नात, सगळ्यांत त्याचा वाटा घातला. आणि ताईंनी ते ऐकलं कसं? डोळ्याला डोळा देत नाही, एक. हाकेला ओ देत नाही, दोन. अन्न बदललं तर उठून जातो, तीन. दुसरं कुणी तसं ऐकलं असतं तर मी म्हटलं असतं, जाऊ द्या. पण ताई? ज्यांचं घर अठ्ठ्याहत्तरला जाळलं, ज्या विद्यापीठाच्या नामांतरासाठी जेलात जाऊन आल्या, ज्यांनी याच हॉस्टेलात, जयंतीला, बाबासाहेबांच्या फोटोखाली उभं राहून सांगितलं, की पोरींनो, कुणाच्या पोटी जन्माला आलात त्यावरून तुमची किंमत करणाऱ्याला दारात उभं करू नका. माझ्या अंगावर काटा आला होता. दहा वर्षं झाली मागणी करायला, नाव अजून बदललं नाही, पण ताई आहेत ना, असं वाटायचं मला. ताई आहेत.

मी बांगड्या न घेता परत कॉलेजला गेले, चालत, उन्हात, पिशवीतला डबा ढोपराला लागायला. ताई केबिनमध्ये होत्या. म्हणाल्या, "ये कुशावर्ता, बस." कुशा नाही, कुशावर्ता. मी म्हटलं, "ताई, डबा मिळाला." त्या म्हणाल्या, "हो, आईला सांग धपाटे छान होते." मग म्हणाल्या, "प्रसेन सध्या लग्नाचं नको म्हणतोय." मी म्हटलं, "तो म्हणतोय का तुमी?" माझं मलाच नवल वाटलं, असं तोंडातून गेलं म्हणून. ताईंनी चष्मा काढला. आणि मग गं, त्या एकदम पुस्तकातलं बोलायला लागल्या. "हे बघ, तू विज्ञानाची विद्यार्थिनी आहेस. मी तुमच्या घरात जे पाहिलं ते पाहिलं. ते घराण्यात आहे. किती आहे, कसं उतरतं, अजून कुणालाच नीट सांगता येत नाही. पण मी बहीण आहे त्याची. उद्या तुम्हाला मूल झालं आणि..." तिथं थांबल्या. 'तुम्हाला'. वालूरच्या वऱ्हांड्यात त्यांनी कधी 'तुम्हाला' म्हटलं नव्हतं, 'तुमाला' म्हणायच्या.

मी म्हटलं, "ताई, आजीनं वाढवून सांगितलं. तिला वाटलं सोयरीक हाय." ताई म्हणाल्या, "माहितीय मला." माहितीय! "वाढवून सांगितलेलं वजा केलं तरी उरतं, कुशावर्ता." मग म्हणाल्या, हळू आवाजात, जणू काही मलाच त्यातून सोडवायल्यात, "हे कुणाला बोलायची गरज नाही. तुझं दुसरीकडं जमेल. मी कुठं सांगणार नाही." लोकांना निदान पत्रिकेचं निमित्त असतं गं. आपल्यात पत्रिका नाही बघत, म्हणून आपल्याला वाटतं आपण सुटलो. मी उठले तर मागून म्हणाल्या, "आणि हो, बुधवारी वालूर. तुमच्या घरच्यांचे रक्ताचे नमुने घ्यायचेत, बाहेरच्या लॅबला पाठवायचेत. तू पाहिजेस. सिताराम तुझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही." मी काय म्हटलं असेल? "हो ताई" म्हटलं. सवयच ती. दाराबाहेर आल्यावर नळावर जाऊन तोंड धुतलं, आणि तोंड धुता धुता माझ्या ध्यानात आलं की मी नळ तीन वेळा बंद करून बघितला. रोज बघते. आजवर कधी मनात आलं नव्हतं.

तेव्हापासून ते सुरू झालं. लग्न मोडलं ते एक वेळ ठीक, रडले, झालं. पण ताईंची नजर माझ्या डोळ्यात येऊन बसली ना. मी घरी गेले आणि बाबा जेवायला बसले, तर मी त्यांच्याकडं बघायले नव्हते, तपासायले होते. भाकरीचे चार सारखे तुकडे. वरण भाकरीला शिवू द्यायचं नाही. बोलताना नजर माझ्या कानाच्या बाजूला. आणि हेच बाबा, मला लहानपणी कडेवर घेऊन यष्टी स्टँडावर उभे राहायचे, पाथरीची गाडी कितीला, सेलूची कितीला, मी झोपेपर्यंत सांगत राहायचे, तीच माझी अंगाई. मला वाटायचं सगळ्यांच्याच बापाला एवढं येतं. आता मला ते आठवलं की त्याच्या बाजूला एक, दोन, तीन लागतं. मी बोलते ते भरभर, ते सुद्धा, मी भरभर का बोलते? तीन वर्षांचं साचलेलं आहे का? असं मनात यायलंय, आत्तासुद्धा, तुमच्याशी बोलताना. आणि घरात कुणालाच काय सांगितलं नव्हतं मी. आई म्हणे, "डब्यात काय आलं गं त्यांच्याकडनं?" मी म्हटलं, खडीसाखर. वाटेत खाल्ली.

बुधवारी जीप आली. ताई आणि लॅबचे भगवानराव, हातात बर्फाची पेटी. आणि दारात बघते तर आजी! तेच नवं लुगडं. अंगणात सडा घातलेला, आईनं शिरा केलेला, बाबा आंघोळ करून इस्त्रीचा तोच निळा शर्ट घालून उभे. आजीनं ताईंच्या पायावर पाणी घातलं, हाताला धरून आत नेलं, पाटावर बसवलं. ताई माझ्याकडं बघायल्या, म्हणजे विचारायल्या, की तू सांगितलं नाहीस? भगवानरावांनी कापूस काढला, सुई काढली, स्पिरिटचा वास सुटला शिऱ्याच्या वासात. ताई म्हणाल्या, "आजी, सगळ्यांचं थोडं थोडं रगत घ्यायचंय." आणि आजी म्हणाली, "घ्या की माय, भीत भीत का बोलता? आता दोन्ही घरचं रगत एकच व्हायाचं हाय."

भगवानराव हसले. त्यांना काय माहीत. बाबांनी दोन्ही बाह्या वर केल्या, सारख्या, दोन दोन घड्या, म्हणाले, "आधी माझं घ्या, ताईंचं काम आहे." त्यांचं घेतलं. बाटलीत ते काळपट लाल चढताना मी बघितलं. मग ताई म्हणाल्या, "कुशावर्ता, काकांचा हात धर." मी काकांजवळ बसले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, पण हात दिला. असा उताणा, माझ्या मांडीवर, वजन टाकून. "सेलू, ढेंगळी, मानवत रोड," म्हणायले, हळूहळू. मी त्यांच्या शर्टाची गुंडी काढली, बाही कोपरापर्यंत नेली. आणि तिथून पुढं माझे हात चालंनात. मी म्हटलं, "ताई, तुमीच सांगा ना आजीला."

भगवानराव सुई धरून थांबले. बाबा माझ्याकडं बघायले, कानाच्या बाजूला. मला वाटलं, आता. आता त्या बोलतील. ज्या बाईनं हजार माणसांपुढं भाषणं केली, तिला एका म्हातारीपुढं एक वाक्य बोलायचं होतं. ताई आजीकडं वळल्या, पाटावर जरा पुढं सरकल्या, आणि म्हणाल्या, "आजी, सकाळचं दूध घेताय ना? या वयात हाडं ठिसूळ व्हतात बरं का."

"घेती की लेकी," आजी म्हणाली. "कुशीच्या लग्नापत्तुर जगायचंय मला."

मी काकांची बाही खाली ओढली. गुंडी लावली. लय वेळ लागला. मग म्हटलं, "आजी, हे सोयरे न्हाईत आपले. ती बात मोडली. ह्या रगत तपासायला आल्यात."

आई शिऱ्याच्या ताटल्या घेऊन दारात तशीच उभी. काका 'मानवत रोड'वर थांबलेले. आजीला ऐकू गेलं की नाही असं वाटायला लागलं मला. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, हात टेकून उठली, ताईंच्या अगदी पुढ्यात जाऊन बसली, आणि रागानं नाही गं, खरंच तिला कळत नव्हतं म्हणून विचारलं,

"मग माय, माझ्या सासऱ्याचं घराणं तू कामून इचारलंस?"